तिसरा दगड

सोनकांबळे मॅडम गेल्या, असा त्यांच्या विद्यार्थिनीचा, रेणुकाचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘नक्की?’ असा. फोन ठेवल्यावर मी लातूरला त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन लावला, खात्री करून घेतली आणि मगच खुर्चीत बसलो. नांदेडच्या एकाच कॉलेजात, एका भिंतीच्या अंतरावर वीसेक वर्षं काढल्यावर माणसाला त्यांच्या संशयाची एवढी लागण होणारच. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, “दोघींनी सांगितलं म्हणून खरं मानलं का सर? दोघी आधी आपसात बोलल्या असतील की.”

मी केमिस्ट्रीचा, त्या जिऑलॉजीच्या. अंगानं बारीक, सुती साडी, साडीखाली चढावाचे जाड बूट आणि कमरेला प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा. दुसरी किल्ली कुणाकडेच नव्हती, प्राचार्यांकडेसुद्धा नाही. संध्याकाळी कुलूप लावलं की ओढून बघायच्या, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायच्या, परत यायच्या आणि पुन्हा ओढून बघायच्या. एकदा मी म्हणालो, “मॅडम, आत दगड आहेत. दगड कोण चोरतंय?” त्या म्हणाल्या, “चोरणाऱ्याची भीती नाही सर. आणून ठेवणाऱ्याची आहे.” या उत्तराचा अर्थ मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळला.

संशय हा त्यांचा धंदा होता, स्वभाव होता आणि मला वाटतं विरंगुळाही होता. कँटीनचा चहा त्या स्वतःच्या कपात घ्यायच्या, आणि तो कपही आधी उजेडात धरून बघायच्या. रिक्षावाला लगेच तयार झाला तर त्या बसायच्या नाहीत, “इतक्या पटकन हो म्हणाला, म्हणजे काहीतरी आहे.” माझी मुलगी बारावीला पास झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. पेढा हातात घेऊन त्यांनी विचारलं, “कशाचे?” पास झाली म्हटलं. “कितव्या प्रयत्नात?” पहिल्याच, म्हटलं. मग पेढ्याचा वास घेतला, “खवा कुठला?” एवढं झाल्यावर पेढा खाल्ला आणि पाठोपाठ दुसरा उचलला. माणसाला राग यायचा, पण धरून ठेवता यायचा नाही. कारण त्या हा उद्योग सगळ्यांशी सारखाच करायच्या.

त्यांचं काम होतं दगडाचं वय काढायचं. ते जन्माचं वय नव्हे, तर दगड निवाला कधी, ते. ग्रॅनाइटमध्ये अपॅटाइट नावाच्या खनिजाचे रव्याहून बारीक कण असतात. त्यांत नावापुरतं युरेनियम असतं. त्यातला एखादा अणू मधूनच फुटतो आणि फुटताना कणात एक सूक्ष्म ओरखडा उमटवतो. दगड जमिनीत खोल, उबेत असेल तर तो ओरखडा भरून येतो, मागमूस राहत नाही. वरचा डोंगर झिजत जातो, दगड हळूहळू वर येतो, आणि त्याची ऊब उकळत्या पाण्याहून थोडी जास्त इतपत उतरली की तिथून पुढचे ओरखडे टिकून राहतात. कण काचपट्टीवर बसवायचे, घासायचे, नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवायचे, म्हणजे ओरखडे रुंद होऊन दिसायला लागतात. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून मोजत बसायचं. ओरखडे जास्त तर दगड फार पूर्वी निवालेला, कमी तर अलीकडे. त्यावरून डोंगर कधी झिजला, किती झिजला, याचा हिशेब लागतो. वाहून गेलेल्या डोंगराचा तो कण म्हणजे एकटा साक्षीदार, आणि मॅडमचा साक्षीदारांवर विश्वास नव्हता.

आधीच्या नमुन्याचा एक कण चाळणीच्या जाळीत अडकून पुढच्या नमुन्यात पडला, तर काही कोटी वर्षांची गफलत व्हायची. म्हणून चाळण्या स्वतः धुवायच्या, ब्रशनं घासायच्या, उन्हात धरून एकेक भोक बघायच्या. डोंगरावर नमुना फोडला की पिशवीत घालायचा तो फक्त त्यांनीच, चिठ्ठीही त्यांच्याच हातची. बरोबरच्या विद्यार्थ्यानं पिशवीला हात लावायचा नाही. हा नियम विभागात देवाच्या नियमासारखा पाळला जायचा, आणि आमची सगळी कथा या नियमातूनच निघाली.

हा स्वभाव आला कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. वीज गेली होती, मायक्रोस्कोप बंद, म्हणून त्या भिंतीच्या या बाजूला येऊन बसल्या होत्या. माहेर नायगाव. आजोबांच्या काळात बौद्ध झालेलं घर, वडील पोस्टात. घराण्यातून विज्ञान शिकायला बाहेर पडलेल्या त्या पहिल्या. संशोधनासाठी ज्या मोठ्या शहरात गेल्या, तिथल्या मार्गदर्शकांनी त्यांचे पहिले आकडे बघितले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हे तुला कुणी मोजून दिले? मग दुसऱ्या दोघा विद्यार्थ्यांना बोलावून सगळ्या स्लाइडी पुन्हा मोजायला लावल्या.

“सगळ्यांच्याच मोजायला लावायचे का?” मी विचारलं.

“नाही. माझ्याच.”

“मग?”

“जुळले.”

“माफी मागितली का त्यांनी?”

“चहा मागवला.” मॅडम म्हणाल्या. “त्या दिवशी दोन गोष्टी ठरवल्या सर. एक, आपले आकडे असे करायचे की कुणीही मोजावेत. दुसरी, संशय घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्यायचा. माणूस बघून घ्यायचा नाही.” वीज आली तशा त्या उठून गेल्या. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा फार आदर वाटला, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या ॲसिडच्या बाटलीचं सील त्यांनी भिंगानं तपासलं तेव्हा तो थोडा कमी झाला.

रेणुका मोरे त्यांच्याकडे पीएच.डी.ला आली ती शिरूर अनंतपाळहून. शेतकऱ्याची मुलगी, बोलायला कमी, नजर मात्र अशी की मॅडमनं पहिल्याच महिन्यात मला सांगितलं, “पोरगी मोजते चांगली. अजून विश्वास नाही ठेवलेला.” मॅडम स्लाइडीवरच्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवायच्या, गठ्ठा पिसायच्या, आणि मोजून झालेली स्लाइड नव्या नावानं पुन्हा तिच्यापुढे सरकवायच्या. रेणुकाला पत्ता नसायचा. आकडा जुळला की मॅडम काही बोलायच्या नाहीत, फक्त चहाच्या वेळी बिस्किटाचा पुडा तिच्याकडे सरकवायच्या. रेणुकाचे वडील दर सुट्टीला विचारायचे, अजून किती दिवस? एक चांगलं स्थळ थांबून होतं, एका कॉलेजात जागाही निघणार होती. दोन्हींच्या आड तो प्रबंध होता.

विषय होता इस्लापूरच्या पलीकडची किनवटची टेकाडं. तिथं काळ्या खडकाच्या खालून जुना ग्रॅनाइट डोकं वर काढतो. त्याच्यावर पूर्वी किती जाडीचा डोंगर होता आणि तो कधी झिजून गेला, हे रेणुकाला शोधायचं होतं. दोघी उन्हाळ्यात जाऊन पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे नमुने घेऊन आल्या. मोजणी सुरू झाली. आकडे सरळ येत गेले, आणि अचानक ओढ्याकाठच्या एका नमुन्यानं दगा दिला. कण चांगले, युरेनियम पुरेसं, आणि ओरखडा एकही नाही. दगड जणू कालच निवाला होता.

मॅडमनी पहिला संशय माझ्यावर घेतला. “सर, तुमचं ॲसिड पातळ आहे.” मी त्यांच्यासमोर तपासून दाखवलं. “मग बाटली बदलली असेल.” शेवटी त्याच ॲसिडात दुसरा नमुना बुडवला, ओरखडे लख्ख दिसले, तेव्हा मी सुटलो. मग पाळी आली रेणुकाची. कण चिकटवताना काचपट्टी ओव्हनमध्ये ठेवावी लागते, हलक्या उबेत. ओव्हन चुकून जास्त तापला तर सगळे ओरखडे पुसले जातात.

भिंत पातळ होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“ओव्हनमध्ये विसरलीस ना?”

“नाही मॅडम.”

“मग ओरखडे कुठं गेले?”

आत खुर्ची सरकली. राग चढला की मॅडमच्या जिभेवर नायगाव यायचं. “तू काय करायलीस ते मला कळत न्हाई असं वाटतंय का तुला? चूक झाली तर सांगायची. लपवायची न्हाई. एक गोष्ट लपवणाऱ्या माणसाचे बाकीचे आकडे मी कशावरून खरे मानू?”

तरी रेणुका गप्पच. मग ती बाहेर आली. मी म्हटलं, “काय ते सांगून टाक ना बाई.” ती म्हणाली, “काय सांगू सर? माझी चूक न्हाई, एवढंच सांगता येतंय.” ‘एवढंच’ या शब्दावर ती थोडी अडखळली, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. पोरगी काहीतरी लपवतेय, असं मलाही वाटलं.

मॅडमनी जाहीर केलं की त्या प्रबंधावर सही करणार नाहीत. एका नमुन्यापायी सगळं काम अडलं. शिरूरहून वडिलांचा फोन आला, की तिकडं तुझ्यावर आळ आहे म्हणतात, खरं का? बातम्या शिरूरपर्यंत कशा पोचतात देव जाणे. वडिलांनी महिनाअखेर गाशा गुंडाळून घरी ये म्हणून सांगितलं. मी मॅडमना म्हणालो, “पोरीचं आयुष्य आहे हो.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच. खोट्या आकड्यावर उभं राहू द्यायचं का?” मला त्यांचा फार राग आला होता, हे सांगितलं पाहिजे. पण त्या आठवड्यात त्यांनी स्वतः डबा उघडलेला मी पाहिला नाही.

मग एके सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. बूट घातलेले. “सर, इस्लापूरला चला. तिथंच परत नमुना घ्यायचा. तुम्ही साक्षीदार. तुम्ही तिच्या बाजूचे आहात, म्हणून तुम्हीच पाहिजेत.” जीपमध्ये मागं रेणुका खिडकीकडे तोंड करून बसली होती. भोकर मागं पडलं, हिमायतनगर गेलं.

गावाच्या कडेला जीप थांबली तसे धोतर सावरत एक म्हातारे गृहस्थ आले. मारोतीकाका म्हणायचे त्यांना, ओढ्याकाठचं शेत त्यांचंच. मागच्या खेपेलाही त्यांनी दोघींवर पाळत ठेवली होती म्हणे. त्यांनी मॅडमना ओळखलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

“परत आलाव? म्हंजे घावलं काहीतरी.”

“काही सापडलेलं नाही काका.” मॅडम म्हणाल्या.

“सोनं हाय का?”

“नाही.”

“मग युरेनियम आसंल. पेपरात येतंय.”

“आहे, पण मिठाएवढंही नाही. अहो, हा दगड कधी गार झाला तेवढंच बघतो आम्ही.”

काकांनी माझ्याकडं बघितलं. “सायेब, खरं सांगा. धोंडा कवा गार झाला ते बघाय सरकार पगार देतंय व्हय?”

मी हो म्हटलं. ते लई हसले आणि त्यांचा संशय दुप्पट झाला. “चला, मीबी येतो. तुमी गेल्यापासून त्या जागंला कुणाला हात लावू दिला न्हाई मी. गुरंबी तिकडं सोडली न्हाईत. काय निघालं तर माझ्या डोळ्यादेखत निघंल.”

मॅडमना ते गृहस्थ मनापासून आवडले असावेत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बरोबरीचा माणूस भेटला होता.

ओढा कोरडा होता. काठावर ग्रॅनाइटचा उघडा खडक, त्यावर हातोड्याच्या जुन्या खुणा. मॅडम सरळ खडकाकडे निघाल्या आणि वाटेत थांबल्या. खडकापासून हाताच्या अंतरावर दोन दगड समोरासमोर बसवलेले होते. आतल्या बाजूंनी काळे. मधे राख, अर्धवट जळालेल्या काटक्या.

इथं एक सांगायला हवं. मॅडम बाहेरगावी कुणाच्या हातचं खात नसत. मागच्या खेपेला आश्रमशाळेत दोघींची सोय होती, तिथं जेवण मिळत होतं, पण तेल कुठलं, पाणी कुठलं, म्हणून मॅडमनी पिठाची पिशवी आणि तवा बरोबर नेला होता. ओढ्याकाठी तीन दगड मांडून रोज दुपारी त्या स्वतः भाकरी थापायच्या. दगड त्यांनीच पहिल्या दिवशी त्या खडकातून हातोड्यानं पाडलेले.

दोन दगड तिथं होते. तिसऱ्याची जागा रिकामी होती.

मॅडम खाली बसल्या. रिकाम्या जागी हात ठेवला. मी साक्षीदार म्हणून आणलेला, त्यामुळे बघण्यापलीकडे मला काही काम नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघवेना.

“काका, इथला एक धोंडा कुणी नेला?”

“कोन नेतंय? तुमीच फोडला की बाई, शेवटच्या दिशी. गाडीवाला हाक मारत हुता. मी बांधावरून बघितलं.”

मॅडमना आठवलं, त्यांनी हो म्हणून मान हलवली. जीपवाला घाई करत होता, खडकावर परत चढायचा कंटाळा आला, आणि पायाशी चुलीतून कलंडलेला, त्याच खडकाचा एक दगड पडला होता, काळी बाजू मातीत, हातोड्याची ताजी बाजू वर. त्यांनी तोच फोडून पिशवीत घातला, स्वतःच्या हातानं. चिठ्ठीही स्वतः लिहिली. चुलीच्या जाळानं कोट्यवधी वर्षांचे ओरखडे पुसून टाकले होते आणि दगडानं अगदी खरं वय सांगितलं होतं. तो खरोखरच परवा निवाला होता, मॅडमची शेवटची भाकरी उतरल्यावर.

त्यांनी रेणुकाकडं न बघता विचारलं, “तुला माहीत होतं?”

“दगड कुटताना खालून काळं दिसलं होतं मॅडम. शंका आली.”

“मग बोलली का नाहीस?”

“पिशवी तुम्ही भरलेली. चिठ्ठी तुमच्या हातची. तुमच्याकडून कसं होईल, असं वाटलं. आणि झालं असलं तरी मी कसं म्हणू?”

मला वाटलं आता मॅडम रडतील, किंवा पोरीला जवळ घेतील. त्या उठल्या आणि असल्या कडाडल्या की मारोतीकाका दोन पावलं मागं सरले.

“मी तुझ्यावर संशय घेतला, ओव्हनवर घेतला, या सरांच्या ॲसिडवर घेतला. मग तू माझ्यावर का न्हाई घेतलास? एवढी मोठी झाले का मी? माझ्यावर कुणी संशय घ्यायचाच न्हाई, तर माझ्या आकड्याला किंमत काय राहिली?”

रेणुका तेव्हा रडली. मॅडम तिच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या, हातोडा हातात. मग हातोडा तिच्यापुढं धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “माझं चुकलं रेणुका. तू फोड. पिशवीत तूच घाल. चिठ्ठी तूच लिही. मी बघते.”

रेणुकानं नमुना फोडला. मॅडमनी नुसतं बघितलं, पण बघताना त्यांचा हात दोनदा पिशवीकडं गेला आणि दोन्ही वेळा मागं आला. आम्ही निघताना मारोतीकाकांनी जीपमध्ये काय काय भरलंय ते डोकावून पाहिलं, आणि चुलीचे उरलेले दोन्ही दगड उचलून घरी घेऊन गेले. त्यांत काहीतरी आहे याबद्दल त्यांची आता पूर्ण खात्री पटली होती.

नवा नमुना बाकीच्यांच्या रांगेत चोख बसला. पण मॅडमनी जुना नमुनाही प्रबंधातून काढू दिला नाही. ‘मार्गदर्शकाच्या चुलीतला दगड’ असं साफ लिहायला लावलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक ते वाचून हसले, आणि हा नमुना ठेवायचं कारण काय, असं त्यांनी रेणुकाला विचारलं. रेणुका उत्तर द्यायच्या आत मॅडमच मागच्या रांगेतून उठल्या. “ऊब लागली की ओरखडे पुसतात, याचा पुरावा आहे तो. आणि माझ्यावर लक्ष ठेवायला पाहिजे, याचाही.” परीक्षकांनी पुढचं पान उलटलं. रेणुकाचे वडील पहिल्यांदाच कॉलेजात आले होते, पटका बांधून शेवटच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक, पण लेकीवरचा आळ गेला, एवढं कळलं. बाहेर येऊन त्यांनी मॅडमना हात जोडले. मॅडमनी त्यांनी आणलेले पेढे घेतले आणि खवा कुठला ते विचारलं.

स्थळ काही थांबलं नाही, पण जागा मिळाली. पुढं मॅडम निवृत्त झाल्या, लातूरला बहिणीकडे राहायला गेल्या, आणि रेणुका आमच्याच कॉलेजात त्यांच्या जागी आली. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला लागला.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. नांदेडला काही कामाला आल्या आणि प्रयोगशाळेत आल्या. रेणुकानं खुर्ची पुढं केली, मायक्रोस्कोपखाली स्लाइड सरकवली. मॅडमनी चष्मा काढला, डोळा लावला आणि मोजायला लागल्या. फार वेळ लागला. आम्ही दोघं मागं उभे होतो. शेवटी त्यांनी आकडा सांगितला.

मला वाटलं रेणुका आता मान डोलावेल. म्हाताऱ्या गुरूला खूश करायला एवढं कुणीही केलं असतं. पण तिनं मॅडमना बाजूला सरकायला सांगितलं, स्वतः डोळा लावला, तेच कण मोजले आणि म्हणाली, “चुकलंय मॅडम. दोन सुटलेत तुमच्याकडून.”

मॅडम हसल्या. वीसेक वर्षांत मी त्यांना असं तोंडभर हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी रेणुकाच्या पाठीवर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ तो तिथंच राहू दिला.

निघताना रेणुकानं दाराला कुलूप लावलं. मॅडम काठी टेकत व्हरांड्यातून चालायला लागल्या. मी सवयीनं थांबलो, त्या आता वळतील, परत येतील, कुलूप ओढून बघतील म्हणून. त्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, पायऱ्या उतरल्या, मागं वळल्या नाहीत, आणि थांबलेल्या पहिल्याच रिक्षात बसून निघून गेल्या.

मग मीच परत गेलो आणि कुलूप ओढून पाहिलं. लागलेलं होतं.